अंजिरांच्या टेकडीवरचा हेवा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत.

एका उन्हाच्या देशात अंजिरांची टेकडी होती. टेकडीवर गोड्या पाण्याचा झरा होता. तिथे एक माळीण राहायची. तिच्या पणजोबांच्याही आधीपासून तिचे लोक तिथे बागा राखत आले होते. दूरच्या बादशहाला फळांचा वाटा द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं, असं त्यांचं आयुष्य. टेकडी आमची आहे, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

एके वर्षी टेकडीच्या पायथ्याशी काही विणकर येऊन उतरले. ज्या ज्या मुलखात त्यांनी घर केलं, तिथून त्यांना हाकललं गेलं होतं. कुठे घरं जाळली, कुठे माणसं मारली. त्यांतली एक तरुण विणकरीण पाणी मागायला वर आली. माळिणीने तिला ओंजळभर नाही, घडाभर पाणी दिलं.

पाणी पिता पिता विणकरीण रडू लागली.

"काय झालं गं बाई?" माळिणीने विचारलं.

"माझी आजी रोज या झऱ्याचं नाव घ्यायची. तिने तो कधी पाहिला नव्हता. तिच्या आजीनेही नाही. पण आमचे पूर्वज इथलेच. कुठल्याशा राजाने त्यांना घालवून दिलं. हा झरा काळ्या खडकाखालून निघतो आणि डावीकडे वळतो, हे आमच्या पोराटोरांनाही पाठ आहे."

झरा खरंच डावीकडे वळत होता. माळिणीच्या काळजात बारीक कळ उठली. आपण ज्याच्या काठी जन्मलो, त्यावर दुसऱ्या कुणी न पाहताच इतका जीव लावावा, हे तिला सोसवेना.

विणकर राहिले. खालच्या उताराचा कागद शहरातल्या एका जमीनदाराच्या नावावर होता; त्याने तो उतार त्यांना विकून टाकला. तिथली जमीन कसणाऱ्या माळिणीच्या चुलत्यांना कुणी विचारलंही नाही. ते बोचकी बांधून निघून गेले. तेव्हापासून माळीण विणकरणीला पाहिलं की तोंड फिरवू लागली.

एकदा अंजिराचं आळं खणताना माळिणीच्या कुदळीला दगड लागला. माती पुसली, तर दगडावर नक्षी. विणकरणीच्या पदरावर होती तीच नक्षी. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. माळिणीने इकडेतिकडे पाहिलं आणि माती परत लोटली. संध्याकाळी ती आपल्या माणसांना म्हणाली, "यांचं इथे कधी काहीच नव्हतं. झऱ्याची गोष्ट त्यांनी वाटेवर कुणाकडून तरी ऐकली असेल."

विणकरणीच्या मनातही तोच हेवा पेटला होता. माळिणीला झरा पाठ करावा लागत नव्हता. ती डोळे मिटून त्याच्यापर्यंत चालत जायची, आणि वाटेत तिच्या बापाची, आजोबांची थडगी होती. विणकरणीला हे पाहवत नसे. पुढे दूरच्या देशात तिच्या लोकांची मोठी कत्तल झाली. वाचलेले अंगावरच्या कपड्यांनिशी आले, कारण बाकी सगळ्या वेशी त्यांना बंद होत्या. वाटेवरची थडगी पाहून त्यांनी विचारलं, "इथे आधी कोण राहत होतं?" विणकरीण म्हणाली, "कुणी नाही. टेकडी ओसाड होती. ते दगडांचे ढीग आहेत नुसते."

त्याआधीच बादशहा लढाईत हरला होता आणि परक्या राजाचा सुभेदार कारभार पाहत होता. लढाई चालू असताना माळिणीच्या लोकांना तो म्हणाला होता, "लढाईत साथ द्या, टेकडीवर तुमचंच राज्य." विणकरांना म्हणाला होता, "तुमचं घर इथेच होईल." दोघांनीही विश्वास ठेवला. दोघं भांडू लागले, तेव्हा तो कंटाळला आणि घोड्यावर बसून आपल्या देशी निघून गेला.

मग लढाई झाली. आजूबाजूचे राजेही तीत उतरले. अंजिरांची झाडं जळली, दोन्हीकडची लेकरं मेली. माळिणीला घर सोडून दरीत पालाखाली राहावं लागलं. टेकडी विणकरांकडे गेली, आणि पहारा दिल्याशिवाय त्यांनाही झोप लागेना.

वर्षं गेली. माळीण म्हातारी झाली. एका सकाळी तिची नात कोयता घेऊन निघाली.

"कुठे चाललीस?"

"टेकडीवर. त्या चोरांचं इथे कधी काहीच नव्हतं."

आपलेच शब्द नातीच्या तोंडून ऐकून माळीण हादरली. तिने नातीचा हात धरला. "थांब. त्यांचे पूर्वज इथे राहत होते. दगडावरची त्यांची नक्षी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आपलं होतं ते खरं, आणि त्यांचंही होतं ते खरं."

"कशावरून?"

"मीच तो दगड पुरला."

नातीने हळूच हात सोडवून घेतला. शेजारणीला म्हणाली, "आजीला भ्रम झालाय. तिच्यापाशी बसा जरा."

वर टेकडीवरही म्हातारी विणकरीण बंदूकधारी नातवाला सांगत होती, की टेकडी ओसाड नव्हती आणि पहिलं पाणी आपल्याला एका माळिणीने पाजलं. नातू हसला आणि पहाऱ्यावर गेला.

दुपारी खालून कोयता वर चढला, वरून बंदूक खाली उतरली. संध्याकाळी दोन्ही म्हाताऱ्यांपुढे एकेक प्रेत आणून ठेवलं.

तात्पर्य : आपलं प्रेम खरं ठरावं म्हणून जो दुसऱ्याचं प्रेम खोटं ठरवतो, त्याच्या हेव्याची किंमत नातवंडं मोजतात.