साल झालेले नाकतोडे

त्या राज्यात अर्जुनाचं एकच झाड होतं, आणि त्याच्या बुंध्यावरचे नाकतोडे स्वतःला नाकतोडे म्हणवून घेत नसत. ‘आम्ही साल आहोत,’ असं ते सांगत. रंग सालीसारखा राखाडी, पाठीवर सालीसारख्याच रेघा; एवढ्यावर केवढा तो तोरा! जो हलत नाही तो थोर, असा तिथला रिवाज. त्यामुळे खवलेआबा सर्वांत थोर. त्यांनी जन्मात दुसरं काही केलंच नव्हतं.

एके सकाळी खाटीक पक्षी बुंध्यावर उतरला आणि त्याने चिंगीच्या पिल्लाची तंगडी चोचीत धरली. सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या असत्या, तर पक्षी बावचळलाच असता.

“आबा, उडा ना हो! पोरगं जातंय माझं!” चिंगी ओरडली.

“हळू बोल,” आबा पुटपुटले. “साल ओरडत नसते.”

चिंगीने पंख उघडले. आतून ते लालभडक होते. तसे सगळ्यांचेच असतात, पण दाखवणं म्हणजे बेअब्रू. ती थेट खाटकाच्या डोळ्यांवर झेपावली. तो दचकला, तंगडी तेवढी चोचीत राहिली, आणि मायलेकरं खाली गवतात पडली.

मग झाडावर खल झाला. पिल्लू जगलं, याबद्दल कुणी चकार शब्द काढेल तर शपथ! बाईने भरदिवसा लाल पंख दाखवले, यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. तिला झाड बंद झालं. पुन्हा कुणाला उडायची दुर्बुद्धी नको, म्हणून प्रत्येकाने नख्या सालीत खोल रुतवून बसायचं ठरलं. आबांनी सर्वांत खोल रुतवल्या.

उन्हाळ्यात झाडाने जुनी साल टाकली. एक मोठा पापुद्रा सुटला आणि या सगळ्या थोरांना घेऊन जमिनीवर आपटला. वर बुंधा पांढुरका, गुळगुळीत झाला होता. खाली मुंग्यांना वास लागला.

“अहो, झाडाने टाकलंय तुम्हाला!” चिंगी गवतातून जीव तोडून ओरडली. “नख्या सोडवा! उडा!”

“ही बाई काही सुधारायची नाही,” कुणीतरी कुजबुजलं.

मुंग्यांनी पहिली तंगडी आबांची धरली. आबांनी मिशीसुद्धा हलवली नाही. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी समोरून नेलं जात होतं, आणि बाकीचे, मान न वळवता, मनातल्या मनात त्यांना मुजरा करत होते.

मुंग्या दुसऱ्या फेरीला आल्या.