कंठातल्या फुलपाखराची कहाणी

ऐका कंठेश्वरी, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, नि मधेच उठू नका.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं राजा होता, पण त्याचं या कहाणीत काम नाही. राणी होती चंपावती, नि तिची सासू उमाई. राणीच्या कंठात एक फुलपाखरू होतं. तुमच्याही आहे, चाचपू नका, हाताला लागत नाही. ते पंख हलवतं म्हणून अंगात ऊब राहते. राणीचं मंदावलं, तेव्हा वैद्यीणबाईंनी इवलीशी थायरॉइडची गोळी दिली. पंख हलू लागले.

मग राणीला दिवस राहिले. उमाई म्हणाली, "आमच्या कुळात गर्भारशीनं रिकाम्या पोटी औषध घेऊ नये." मग ती पहाटे उठे, केशरदूध आटवी, पलंगापाशी येई. एका घोटात थायरॉइडची गोळी, दुसऱ्यात लोहाची, तिसऱ्यात कॅल्शियमची. "पी गं माझे बाई, तोंड पूस गं माझे बाई, नीज गं माझे बाई."

मग काय झालं? राणी पेंगू लागली. केस गळू लागले, उन्हातही शाल लागे. राणी पेंगली तशी नगरी पेंगली. देवळात घंटा सकाळी वाजवावी, आवाज दुपारी यावा. हत्तीनं जांभई द्यावी, माहुतानं तेवढ्यात जेवून यावं. खोटं वाटतं? मी त्या हत्तीला पाहिलंय.

वैद्यीणबाईंनी रक्त तपासलं नि म्हणाल्या, "आईसाहेब, सुरुवातीचे महिने बाळाचं स्वतःचं फुलपाखरू कामाला लागलेलं नसतं. ते आईच्या पंखांवर वाढतं. हे पंख असेच मंद राहिले, तर बाळाला धोका आहे. गोळी चुकते का?"

"चुकेल कशी? माझ्या हातानं पाजते!"

मग उमाईला कोडं पडलं. गोळी ओठांतून जाते, गळ्यातून उतरते, पोटात पोचते, मग जाते कुठे? दासीला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, हत्तीला विचारलं. हत्तीनं जांभई दिली. मग ती वैद्यीणबाईंकडे गेली.

"पाजता कशाबरोबर?"

"केशरदुधाबरोबर. लोह नि कॅल्शियमही तेव्हाच."

"अहो, ती गोळी एकटी जाणारी. तुम्ही तिच्यामागं वऱ्हाड धाडलंत. वाटेत अडकते, रक्तात पोचतच नाही."

उमाईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे माझ्याच दुधानं?"

"दूध चांगलं, आईसाहेब. घाई वाईट."

"मग मला वसा सांगा."

"पहाटे चूळ भरावी. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी. तासभर दूध नाही, चहा नाही, खाणं नाही. लोह, कॅल्शियम दुपारनंतर. गर्भारपणात गोळी वाढवावीही लागते, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासावं. मनानं कमी करू नये, मनानं सोडू नये."

"हा वसा राणीचा ना?"

"राणीचा सोपा. अवघड तुमचा."

वैद्यीणबाईंनी गोळी थोडी वाढवली. उमाई रोज पेला घेऊन दाराबाहेर बसू लागली. दुधावर साय धरे. "झाला का गं तास?" "नाही हो." "आता?" "नाही हो, सासूबाई." असं करता करता एके दिवशी तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तशी आत राणी खळखळून हसली. फुलपाखरानं पंख झाडले. रक्त तपासलं, ठीक निघालं. घंटा वाजली नि लगेच ऐकू आली. हत्तीनं जांभई अर्ध्यावर गिळली.

नऊ महिने भरले, राणीला मुलगी झाली, ठणठणीत. जन्मली तशी दुधासाठी रडू लागली. उमाई सवयीनं म्हणाली, "थांब गं, तासभर थांब." मुलीनं मुळीच ऐकलं नाही.

जशी कंठेश्वरी राणीला पावली, तशी साऱ्या गर्भारशींना पावो, नि सासवांना दाराबाहेर बसायचं बळ देवो. साठ उत्तरांची कहाणी मी पाचांत बसवली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता अक्षता टाका नि प्रसादाचं दूध घ्या. मात्र गोळी घेऊन तास झाला असेल तरच हं.