भिवरा पाथरवटीण आणि राक्षसाचा धोंडा

एक होता राजा. त्याच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी राहायची भिवरा पाथरवटीण. पाटे-वरवंटे घडवायची. अंगानं इतकी काटकुळी की वारा सुटला की लोक म्हणायचे, "भिवरे, खांबाला धर गं!" पण कामाला वाघीण, बरं का.

एकदा काय झालं, गावच्या पाच पोरी करवंदं वेचायला डोंगरावर गेल्या. ऊन तापलं म्हणून गुहेत सावलीला बसल्या. तेवढ्यात आला एक राक्षस. त्यानं हत्तीएवढा धोंडा उचलला नि गुहेच्या तोंडावर ठेवला, धप्पकन! मग गावाकडे तोंड करून गरजला, "धोंडा मी एकट्यानं ठेवलाय. तुमच्यातल्या एकानं हलवावा. दिवस मावळला की पोरी माझ्या!"

ते ऐकून राजा धावत आला, बरोबर त्याचा पैलवान आला. दंड थोपटले, खांदा लावला. धोंडा ढिम्म. मग राजाचा हत्ती आला. साखळदंड बांधून ओढलं. साखळदंड तुटला, धोंडा ढिम्म. आतून पोरींचं रडणं ऐकू येत होतं. राजानं मान खाली घातली.

मग भिवरा पुढे आली. राक्षस खदाखदा हसला. "ही काडी हलवणार?"

भिवरानं धोंड्याखाली पहार घातली, पहारीखाली दगडाचा टेकू ठेवला आणि दाबलं. काही नाही. तिनं टेकू धोंड्याजवळ सरकवला. पुन्हा दाबलं. धोंडा नुसता कुरकुरला. पण भिवराच्या कानाला तेवढं पुरे होतं. ती म्हणाली, "महाराज, वाड्यासाठी आणलेलं ते सागाचं लांब खोड हत्तीकरवी मागवा."

खोड आलं. त्याचा बुंधा धोंड्याखाली घातला, टेकू धोंड्याजवळ ठेवला. शेंडा राहिला वर, आभाळात. भिवरानं शेंड्याला दोर बांधला आणि दोराला लोंबकळली. काय सांगू! ती चांगली पुरुषभर खाली आली, नि तिकडे धोंडा वीतभर वर उठला!

"पोरींनो, सरपटत या!" भिवरा ओरडली. हात सोलवटले, पण दोर सुटला नाही. एक आली, दुसरी आली, पाचही बाहेर आल्या.

राक्षस म्हणाला, "ही चेटूक करते!"

"चेटूक नाही रे बाबा," भिवरा म्हणाली. "मी पुष्कळ खाली येते, तेव्हा तो थोडा वर जातो. असा हिशेब आहे. कुणालाही जमेल."

तेव्हा पाचांतली सगळ्यात धाकटी, सात वर्षांची येसू, पुढे झाली. तिनं आधी टेकू धोंड्याच्या आणखी जवळ सरकवला. कुणी सांगितलं नव्हतं, बरं का! मग दोराला लोंबकळली. धोंडा बोटभरच उठला. पण उठला!

राक्षस काळाठिक्कर पडला. उठला नि डोंगरापलीकडे जो गेला, तो पुन्हा दिसला नाही.

राजा पुढे झाला, भिवराला हात जोडून म्हणाला, "बाई, आज राज्याची लाज राखलीस. काय देऊ?"

भिवरा येसूकडे बघत होती. ऊर भरून आला होता तिचा. म्हणाली, "महाराज, मला माझी शिष्या मिळाली. आणखी काय हवं?"

मग राजा सुखी झाला, गाव सुखी झालं, पोरी सुखी झाल्या. आणि तुम्ही, राजांनो, आता पांघरुणात शिरा पाहू. डोळे मिटा. मिटले? शाब्बास.