ठिपकूची आई पडद्यापलीकडे

एक होता ठिपकू. तिळाएवढा. हिरवा हिरवा. राहायचा कुठे? जुईलीताईच्या ऑनलाइन खेळात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

एकदा दुपारी काय झालं? ठिपकूची आई चालत चालत पडद्याच्या कडेला गेली. कडेच्या पलीकडे गेली. आणि दिसेनाशीच झाली!

पलीकडे सगळं काळं काळं. खर्र... खर्र... काळ्यातून हाक आली, "ठिपकूऽऽ..."

आवाज आईचा. पण आई कुठे?

ठिपकू कडेपाशी जाऊन थबकला. म्हणाला, "पडद्या पडद्या, रुंद हो."

पडदा म्हणाला, "मी आपला एवढाच. ताईने रुंद पडदा निवडला, तर आई दिसेल."

टिंग टिंग टिंग! ठिपकू बाहेर.

"ताई ताई, रुंद पडदा निवड. आई मला दिसेना!"

"बाबांनी माप घेतलं, तर निवडीन."

टिंग टिंग टिंग!

"बाबा बाबा, माप घ्या. ताई निवडेना, आई मला दिसेना!"

"टेबलाने जागा दिली, तर घेईन."

टिंग टिंग टिंग!

"टेबला टेबला, जागा दे. बाबा मोजेनात, ताई निवडेना, आई मला दिसेना!"

टेबल कुरकुरलं. कर्र... "माऊ उठली, तर देईन."

माऊ टेबलावर उन्हात पसरली होती. त्या काळ्या कडेकडे टक लावून बघत होती.

"माऊ माऊ, ऊठ. टेबल जागा देईना, बाबा मोजेनात, ताई निवडेना, आई मला दिसेना!"

माऊने मान वळवली नाही. "ऊन गेलं, तर उठेन."

"उन्हा उन्हा, जा. माऊ उठेना, टेबल जागा देईना, बाबा मोजेनात, ताई निवडेना, आई मला दिसेना!"

"सावली आली, तर जाईन."

सावली होती कपाटामागे. लांबच लांब. तिला डोळे नव्हते. तिला तोंड नव्हतं. ठिपकू दोन पावलं मागे सरला.

पुन्हा हाक आली. आता अगदी बारीक. "ठिपकूऽऽ..."

"सावली सावली, ये. ऊन जाईना, माऊ उठेना, टेबल जागा देईना, बाबा मोजेनात, ताई निवडेना, आई मला दिसेना!"

सावली कुजबुजली, "मला घाबरत नाहीस?"

"घाबरतो ना! खूप घाबरतो. पण मला आई हवीय."

"मग येते."

सळ्ळ... सावली आली. ऊन गेलं. माऊ उठली. टेबलाने जागा दिली. बाबांनी मोजलं. एक वीत, दोन वीत, तीन वीत, चार! ताई आणि बाबा दुकानात गेले.

"हा घ्यायचा?" बाबा म्हणाले.

"उंच आहे, पण अरुंद. नको."

"मग हा?"

"चकचकीत आहे. त्यात आपल्या मागे कोणीतरी दिसतंय. नको बाई!"

"आणि हा?"

"लांऽऽब! हाच, बाबा, हाच!"

नवा पडदा टेबलावर बसला. खट्ट! उजेड झाला. काळी कड मागे सरकली. हळू... हळू... दिसला एक हिरवा कान. मग दुसरा कान. मग...

"आई!"

टिंग! ठिपकू पडद्यात. थेट आईच्या कुशीत.

"किती रे उशीर केलास?"

"मी नाही गं! सगळे मला दुसऱ्याकडेच पाठवत होते."

आईने त्याला घट्ट घट्ट धरलं. ताईने कीबोर्डवरचा हात उचलला. म्हणाली, "बाबा, आज नाही खेळत. बसू देत दोघांना."

आईच्या कुशीत ठिपकू दडला, गोष्टीवर आता पडदा पडला!