पारख्याच्या कपाळावरची काळी रेघ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा बैल बोलत असत. माणसं ऐकत नाहीत हे बघून पुढे त्यांनी बोलणं सोडून दिलं. त्यात नुकसान कोणाचं झालं, ते तुम्हीच ठरवा.

त्या काळी एका राज्यात मोठा बैलबाजार भरायचा आणि त्या बाजारात राजाने नेमलेला एक पारखी बसायचा. राज्यातला प्रत्येक बैल वर्षातून एकदा त्याच्यापुढे आणायचा, असा नियम होता. पारखी वेसण धरायचा, बैलाचा खालचा ओठ ओढायचा आणि दातांवर बोट फिरवायचा. दोन मोठे दात आले असतील तर गोऱ्हा, चार आले असतील तर तरणा, आठही आले असतील तर जुळलेला. आणि दात हलत असतील तर म्हातारा. त्याचं बोट इतकं तयार झालं होतं, की डोळे मिटूनही तो चुकत नसे. निदान तो चुकत नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त तो स्वतः म्हणे.

राजा दयाळू होता. म्हाताऱ्या बैलाला जुंपायचं नाही, असा त्याचा हुकूम होता. म्हणून पारखी चांगल्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावी आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर काजळीची आडवी रेघ ओढी. रेघ ओढलेला बैल त्याच दिवशी नदीकाठच्या कुरणात जाई. मालकाला तो परत नेता येत नसे. ती रेघ पुसायचा हक्क एकट्या पारख्याला होता आणि त्याने ती आजवर एकदाही पुसली नव्हती.

"दात खोटं बोलत नाहीत," असं तो म्हणायचा आणि पानाची पिंक टाकायचा.

एका वर्षी एक तेलीण आपला बैल घेऊन आली. बैलाचं नाव कोशा. तेलघाणा ओढून ओढून त्याचे खांदे तुकतुकीत झाले होते. पारख्याने ओठ ओढला, बोट फिरवलं. दोन दात हलले.

"म्हातारा," पारखी म्हणाला.

"अवं पारखीदादा, म्हातारा कसला?" तेलीण म्हणाली. "माझ्या हातात जलमलाय त्यो. धा वर्सं बी झाली न्हाईत. सकाळधरनं घाणा वढतोय आन् दमत न्हाई."

"दात हलतायत, बाई."

"मग त्या दातास्नी काय झालंय, त्ये बघा की!"

पारखी हसला. वीस वर्षं दात बघणाऱ्याला तेलीण दात शिकवणार! त्याने काजळीत बोट बुडवलं आणि कोशाच्या कपाळावर रेघ ओढली. कोशा कुरणात गेला. तेलिणीकडे दुसरा बैल नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तिने घाण्याचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

आता पारख्याचं ऐका.

त्याला विड्याची भारी आवड. सकाळी विडा तोंडात गेला, की दुसरा येईपर्यंत पहिला थांबायचा. तो बसायचा त्या जागेभोवतालची माती लाल झाली होती. अलीकडे एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती. तो ओठ ओढायला वाकला, की बैल तोंड फिरवायचे. 'हल्लीच्या बैलांना वळण राहिलं नाही,' असं त्याला वाटे. घरी बायकोही बोलताना जरा लांब बसू लागली होती. तिलाही वळण राहिलं नाही, असं म्हणायचा धीर त्याला झाला नाही. तो विड्यात एक लवंग जास्त घालू लागला.

एकदा काय झालं, पानवाला आपल्या पुतणीच्या लग्नाला गेला. बाजारात पान मिळेना. पारखी दिवसभर कोरड्या तोंडाने बसला आणि संध्याकाळी सवयीने थुंकला.

थुंकी लाल!

तो बघतच राहिला. विडा खाल्लाच नाही, तर रंग आला कुठून? कालचा उरला असेल, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाभळीच्या काडीने दात घासले, तर काडीचं टोक लाल झालं. 'म्हणजे काडी टोचतेय,' तो म्हणाला. त्याने काडी फेकली आणि नुसती चूळ भरू लागला. चूळ भरताना रक्त कमी दिसे, म्हणून त्याला बरं वाटे. पानवाला परत आला आणि सगळंच पुन्हा लाल झालं. मग काळजीच मिटली.

तुम्ही विचाराल, त्याला दुखत नव्हतं का? नव्हतं ना! तिथेच तर घोळ झाला. दुखलं असतं तर तो धावत सुटला असता. आपला सगळ्यांचा असाच समज असतो, की आजार येतो तो ओरडतच येतो. हा मुकाट्याने आला आणि मुकाट्याने घरात राहिला.

मग एका दुपारी पारखी भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे खात होता. एका दाण्यावर दात टेकला आणि दात हलला.

त्याने घास खाली ठेवला. बैलाचा ओढावा तसा स्वतःचा ओठ ओढला आणि दातांवर बोट फिरवलं. ते बोट वीस वर्षांचं शिकलेलं. ते लगेच म्हणालं, म्हातारा!

पारखी गोंधळला. आपण म्हातारे? कधी झालो? त्याने बायकोचा आरसा आणला. दात पूर्वीपेक्षा लांब दिसत होते. घोड्याचे दात वयाबरोबर लांब होतात, हे त्याला ठाऊक होतं. एकही दात किडलेला नव्हता, एकही ठणकत नव्हता, आणि तरी चार दात हलत होते. म्हणजे दुसरं कारण उरलंच नाही.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "आपण म्हातारे झालो."

"कोण आपण?" ती म्हणाली. "आपलं लग्न झालं त्या साली देवळावर कळस चढला. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा तुम्ही बावीसचे होता. करा हिशेब."

"हिशेब चुकतो. दात खोटं बोलत नाहीत."

"अहो, मी तुमच्याहून चारच वर्षांनी लहान. माझा एक केस तरी पांढरा दिसतोय का?"

"मग तूही म्हातारी झालीस. तुला कळलं नसेल."

यावर ती जे बोलली, ते मी इथे सांगत नाही.

पारख्याला त्या दिवशी घास गेला नाही. वर्षं मोजली तर तो बेचाळीसचा होता, दात मोजले तर ऐंशीचा. खरं काय? अंगात ताकद होती, पण बैलांच्या मालकांनीही हेच सांगितलं होतं आणि त्याने एकाचंही ऐकलं नव्हतं. लेक अजून लहान होती. तिचं सगळं व्हायचं होतं. त्याला रडू आलं. पण माणूस प्रामाणिक होता. 'लोकांच्या बैलांना एक न्याय आणि मला दुसरा कसा लावू?' असं म्हणून तो उठला, काजळीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळावर आडवी रेघ ओढली. मग काठी घेऊन तो नदीकाठच्या कुरणाकडे चालू लागला. मला त्याचं हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

कुरणात कोशा बांधलेला होता. पारख्याचं कपाळ बघून त्याने रवंथ थांबवलं.

"या, पारखीबुवा! कोन म्हनालं तुमाला म्हातारं?"

"माझ्याच बोटाने सांगितलं. दात हलतात."

"मंग इथं दोन खुंट हायती. जरा हलवून बघा."

कोशाच्या समोरचा खुंट पारख्याने हलवला. तो डगडगत होता. चार पावलांवरचा दुसरा हलवला, तर जागचा हलेना.

"हा पहिला जुना झाला," पारखी म्हणाला. "दुसरा नवा आहे."

"दोनी एकाच बाभळीचं. एकाच दिशी ठोकल्यात. मी इथंच हुतो."

पारखी पुन्हा गोंधळला. त्याने पहिला खुंट उपटून पाहिला. लाकूड टणक, कुठे कीड नाही. मग हलत का होता?

"वर काय बघताय?" कोशा म्हणाला. "खाली बघा."

पारख्याने खाली पाहिलं. पहिल्या खुंटाच्या बुडाशी शेण-मूत साचून साचून चिखल झाला होता. माती भुसभुशीत होऊन खाली बसली होती, म्हणूनच खुंट लांब दिसत होता. दुसऱ्या खुंटाभोवती राखणदार रोज झाडत होता. तिथली माती कोरडी होती आणि तिने खुंट घट्ट धरला होता.

"खुंट म्हातारा झाला न्हाई, बुवा. मातीनं त्याला सोडलं," कोशा म्हणाला. "वीस वर्सं तुमी खुंटच मोजलं. माती कवा बघितली का?"

पारखी पुढे झाला आणि त्याने कोशाचा ओठ ओढला. या वेळी त्याने दात मोजले नाहीत. दातांखालची हिरडी बघितली. ती लाल होती, फुगलेली होती, दातांच्या बुडाशी तेलाची चिकट पेंड रुतून बसली होती. त्याने बोट जरासं दाबलं आणि बोटाला रक्त लागलं. तो तसाच नदीवर गेला आणि पाण्यात वाकून स्वतःचं तोंड बघितलं. तेच! हिरडी लाल, फुगलेली, दातांपासून सुटलेली. दातांच्या बुडाशी पिवळं कीटण.

विड्याचा नव्हता तो रंग. इतके महिने तो रक्त थुंकत होता आणि त्याला पान समजत होता.

तो पळत वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"रक्त कधीपासून येतंय?"

"ठाऊक नाही. मी विडा खातो."

"काडीने घासतोस?"

"रक्त यायला लागलं म्हणून सोडलं."

"अरे, रक्त येतं म्हणूनच घासायचं होतं!" वैद्यबुवा म्हणाले. "टोक चावून मऊ कर आणि हिरडीच्या कडेकडेने हलक्या हाताने फिरव. सकाळी एकदा, झोपण्याआधी एकदा. दोन दातांच्या मधल्या फटीही साफ कर. घाण रोज निघाली तर निघते. राहिली तर तिचा दगड होतो, आणि तो काडीने निघत नाही."

"पण बुवा, दुखत नव्हतं. दुखलं असतं तर आलो असतो."

वैद्यबुवांनी फळीवरचा एक डबा काढून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"दुखेपर्यंत थांबलेल्यांचे दात आहेत हे," ते म्हणाले.

त्यांनी बारीक हत्याराने पाच दिवस बसून दातांवरचं कीटण खरवडलं. विडा आणि त्यातली तंबाखू बंद केली. बायको रोज समोर उभी राहून काडी फिरवून घ्यायची आणि तिला त्यात मजा येत होती. दोन महिन्यांनी हिरडी गुलाबी झाली, घट्ट झाली, काडी पांढरीच बाहेर येऊ लागली. दोन दात हलायचे थांबले. दोन मात्र इतके सुटले होते, की वैद्यबुवांनी ते काढून डब्यात टाकले.

त्याच काळात पारखी कुरणातही जात होता. रोज संध्याकाळी फडक्याने तो कोशाची हिरडी पुसायचा, अडकलेली पेंड काढायचा. कोशा आता तोंड फिरवत नव्हता. त्याचेही दात घट्ट झाले.

मग एका सकाळी पारखी कोशाला घेऊन तेलिणीच्या दारी गेला. ती घाण्याला जुंपलेली होती. तिच्यासमोर त्याने आपल्या उपरण्याच्या टोकाने कोशाच्या कपाळावरची रेघ पुसली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग त्याच टोकाने स्वतःच्या कपाळावरचीही पुसली.

"तू म्हणाली होतीस, त्या दातांना काय झालंय ते बघा. मी बघितलं नाही," तो म्हणाला. "चुकलो, बाई."

तेलिणीने जू खाली ठेवलं. कोशाच्या गळ्याला मिठी मारली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पदर सरकवून खांदा दाखवला. जुवाने तिथे तळहाताएवढा घट्टा पडला होता.

"रेघ पुसली, लई ब्येस झालं, दादा," ती म्हणाली. "आता ह्यो बी पुसा."

पारख्याने उपरणं उचललं आणि तसंच खाली सोडलं. घट्टा काही पुसता येणार नव्हता, आणि त्याच्या तोंडातली समोरच्या दोन दातांची मोकळी जागाही आता भरणार नव्हती.

त्या दिवसापासून बाजारात पारखी आधी हिरडी बघू लागला आणि मग दात. आणि दर नव्या मालकाला तो आपलं खिंडार दाखवू लागला.

बोध एवढाच: दात सांगेपर्यंत थांबू नका, हिरडीतून पहिलं रक्त दिसेल त्याच दिवशी जागे व्हा, कारण दुखत नाही म्हणजे आजार नाही असं नसतं.