गवताचं कपाट

“...मग ही पुस्तकं कोणी वाचत नाही, हे ठरवलं कोणी, बाई?”

रोहिदास इंगवले केबिनच्या दारातूनच विचारत होता. हातात गाईडच्या सहीचा अर्ज होता. सकाळी सूचनाफलक वाचल्यापासून त्याच्या डोक्यात घण पडत होते.

तेंडोलकर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बस आधी.”

तो बसला नाही.

बाई विद्यापीठाच्या ग्रंथपाल. वर्गावर त्यांनी कधी शिकवलं नाही, तरी अख्खं विद्यापीठ त्यांना बाईच म्हणायचं. प्रश्न घेऊन गेलेला माणूस त्यांच्याकडून उत्तर घेऊन क्वचितच परतायचा. बहुधा तो आणखी बरा प्रश्न घेऊन यायचा, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे.

लोक ग्रंथालयाकडे पाठ फिरवू लागले त्या काळात या बाईंनी तिथं माणसं आणली होती. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून घेतली. परगावच्या वाचकाला हवं ते प्रकरण मोबाइलवर पोचायची सोय केली. बसायची जागा घरूनच राखून ठेवता येऊ लागली. नवीन काही झालं की दाराजवळच्या फलकावर सूचना लागायची, आणि ती सूचना बाई स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. छापील सूचना माणूस वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आजची सूचना रोहिदासनं मात्र तीनतीनदा वाचली होती. तिसऱ्या मजल्यावरचे वापरात नसलेले ग्रंथ महिनाअखेर शहराबाहेरच्या भांडारात जाणार. मागितल्यावर चार दिवसांनी मिळणार. खाली कपाटांची नावं होती, आणि त्यात गवताचं कपाट होतं.

ज्या गवतात बैलसुद्धा विचार करून तोंड घालतो, त्या माळावरच्या गवतावर रोहिदास पाच वर्षं प्रबंध लिहीत होता. त्या कपाटातली जुनी रंगीत चित्रांची पुस्तकं घरी न्यायला मिळत नसत. तिथंच बसून, वाळवलेली काडी चित्राशेजारी धरून बघावी लागे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. एकेका पुस्तकासाठी चार दिवस थांबायचं तर ते या जन्मी काही पुरं होत नव्हतं.

“मी रोज वाचतो ती पुस्तकं,” तो म्हणाला. “रोज.”

“रोज येतोस, ते मला माहीत आहे.”

“मग?”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. मग म्हणाल्या, “वाचून झालं की पुस्तक कुठं ठेवतोस?”

रोहिदासची मान जराशी ताठ झाली. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला आवडायचं.

“जागच्या जागी. ज्या फटीतून काढलं त्याच फटीत. पाच वर्षांत एक पुस्तक इकडचं तिकडं झालेलं नाही, बाई. माझ्यानंतर तिथं कोणी गेलं तर त्याला पत्तासुद्धा लागणार नाही की कोणी येऊन गेलं.”

“...पत्ता लागणार नाही.”

“नाहीच लागणार.”

बाई उठल्या. “चल, वर जाऊ.”

जिना चढताना त्याच्या मनात आलं, बाई शाबासकी देणार. दिली तर नाही म्हणायचं नाही, हेही त्यानं ठरवून टाकलं.

वर दुपार पसरली होती. खालचे सगळे प्लग स्पर्धा परीक्षावाल्यांनी धरलेले, म्हणून वरही चारसहा जण येऊन बसले होते. गवताचं कपाट कोपऱ्यात उभं होतं. एकही पुस्तक पुढं नाही, मागं नाही. लग्नाच्या पंगतीत बसवल्यासारखी सगळी ओळीनं.

“सुंदर ठेवलंयस,” बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

रोहिदास खूश झाला.

बाईंनी टेबलावरच्या पाटीकडे बोट केलं. “ही वाचली आहेस?”

पाटी प्रत्येक टेबलावर होती. वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच राहू द्या. कपाटात ठेवू नका.

“वाचलीय की. पण ती गबाळ्या लोकांसाठी आहे, बाई. जे कुठलं पुस्तक कुठं कोंबतात त्यांच्यासाठी. मला काय गरज तिची?”

बाई खुर्ची ओढून बसल्या आणि जिन्याकडे बघू लागल्या. रोहिदासही त्या बघतात तिकडे बघू लागला.

थोड्या वेळानं कुरकुरत एक ढकलगाडी आली. तिच्यामागं महादूमामा, या मजल्याचे परिचर. ते एकेका टेबलापाशी थांबत, पडलेलं पुस्तक उचलत, हातातलं यंत्र त्याच्या पाठीवर धरत. टुक्... मग पुस्तक गाडीत. पुढचं टेबल. टुक्... रोहिदासनं हा आवाज रोज ऐकला होता, जसा माणूस पंख्याचा ऐकतो.

मामा त्यांच्या टेबलाशी आले. टेबल स्वच्छ होतं.

“इथं काय नसतंय कधी,” मामा बाईंना म्हणाले आणि गाडी पुढं गेली.

“मामा,” रोहिदासनं हाक मारली. “हे यंत्र कशासाठी लावता?”

“आज काय काय वाचलं लोकांनी, त्याची नोंद व्हाय नको? घरी नेलेल्याची खाली होती. हितं बसून वाचलेल्याची अशी.” मामा चालता चालता म्हणाले. “नोंदच नसली की वर्षाला यादी निघती, ही कोण वाचत न्हाई म्हणून.”

टुक्... पलीकडच्या टेबलावर.

रोहिदास कपाटाकडे बघत राहिला. ओळीनं उभी असलेली ती पुस्तकं त्यानं रोज दोन्ही हातांनी, जपून, नीट... गावभर वळसा घालून तो शोधत फिरला असता, आणि कळसा त्याच्याच काखेत होता. ज्यांच्यावर जीव टाकला त्यांना आपणच घालवायला निघालो होतो, हे कळल्यावर माणसाला रडू येतं तसं त्याला आलं. त्यानं ते गिळलं.

“बाई, तुम्हाला माहीत होतं मी इथं बसतो. तुम्ही सांगा ना यादी ठरवणाऱ्या समितीला. तुमच्या शब्दाला मान आहे.”

“आहे.”

“मग?”

“मी सांगितलं तर ती माझी शिफारस होईल. तुझं वाचन कसं होईल?”

“हा अर्ज तरी घ्या.”

“अर्जावर पुस्तकं राहत नाहीत रे.” बाईंनी तो त्याच्याच हातात परत दुमडून दिला. आवाज इतका मऊ होता की ओरडा बसला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“महिनाअखेर म्हणजे... अजून दिवस आहेत?”

“आहेत. यादी तेव्हा पुन्हा बघतात.”

तो ताडकन उठला. कपाटापाशी गेला आणि पुस्तकं काढू लागला. हातात मावतील तेवढी, मग छातीशी धरून, मग आणखी. टेबलावर त्यांची चळत लागली. पाच वर्षांची शिस्त पाच मिनिटांत जमीनदोस्त झाली. मामांनी गाडी थांबवून वळून बघितलं. आसपासच्या पोरांनी माना वर केल्या.

बाईंनी सगळ्यात वरचं पुस्तक उचललं.

“हे वाचलंस आज?”

“...नाही.”

“हे?”

“नाही. पण बाई, वाचलेलं आहे. कितीदा तरी वाचलेलं आहे.”

“आज?”

रोहिदासनं चळतीवरचा हात काढून घेतला.

महादूमामा यंत्र हातात घेऊन उभे होते. बाईंनी त्यांना नुसतं बघूनच थांबवलं होतं. एवढी टुक् टुक् झाली असती तर कपाट वाचलं असतं, हे बाईंना काय कळत नव्हतं? त्यांनाच तर सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. पण त्या बाई होत्या. जे वाचलं नाही ते वाचलं म्हणून त्यांच्या ग्रंथालयात कधी नोंदलं गेलं नव्हतं, आणि आवडत्या वाचकासाठीही नोंदलं जाणार नव्हतं.

रोहिदासनं पुस्तकं एकेक करून परत ठेवली. नीट ठेवली, सवयच ती. शेवटी एक उरलं. ते त्यानं सकाळी वाचलं होतं. ते हातात घेऊन तो कपाटासमोर उभा राहिला. हात आपोआप फटीकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला.

मग तो वळला आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवलं. मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडून आलेल्या बापासारखा तो बाजूला उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. म्हणून ते त्यानं मागं बांधले.

मामांनी यंत्र उचललं. टुक्... पण त्यांनी पुस्तक गाडीत ठेवायच्या आत पलीकडच्या खुर्चीवरून आवाज आला.

“बघू का जरा?”

परीक्षेची तयारी करणारी एक तरुणी होती. पदर खोचलेला, शेजारी पाण्याची बाटली, चालू घडामोडींच्या पुस्तकात पेन्सिल अडकवलेली. मामांनी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते उघडलं, चित्रावर थांबली आणि हसली.

“अगं बया, ही कुसळी. आमच्या माळाला हीच. लुगड्याला चिकटली की घरी येईस्तोवर निघत न्हाई.” ती चित्राखालचं वाचू लागली. “हिच्यावर पुस्तक हाय व्हय?”

रोहिदासनं पाच वर्षांत त्या पुस्तकावर दुसऱ्या कोणाचा हात बघितला नव्हता. त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाही कळेना.

तेवढ्यात तिनं बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

रोहिदास पुढं झेपावला. “अहो, ते माझं...”

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“बाळ, बोट कोरडं ठेव,” त्या तिला म्हणाल्या. ती ओशाळली, पदराला बोट पुसलं आणि पुन्हा वाचू लागली. कोपर टेबलावर, हनुवटी तळव्यावर. ती आता लवकर उठणार नव्हती.

रोहिदासचा हात अजून पुस्तकाच्या दिशेनंच होता.

“बाई... मला ते आज आणखी लागणार आहे.”

बाईंनी कपाटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मनगट सोडलं.

“दुसरं काढ.”