चार गोधड्या आणि सावरीचा दोरा

येसूला रात्रभर झोप लागली नव्हती. सगूला ते सकाळी न सांगताच कळलं. चुलीतली राख दोनदा काढून झाली होती, अंगण दोनदा झाडून झालं होतं, आणि आई तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घालत होती.

"आई, तुळस पोहायला लागेल आता," सगू म्हणाली.

येसूने तांब्या खाली ठेवला. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. बोट पिकल्या तोंडल्यासारखं लालभडक सुजलं होतं आणि वैदूबाबांनी बजावलं होतं, की पंधरा दिवस सुईला शिवायचंसुद्धा नाही. अक्षय तृतीया मात्र आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी लोक आपापल्या गोधड्या न्यायला येणार होते, आणि येसूच्या घरात चारही गोधड्या अर्ध्या होत्या.

डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात येसूसारखी गोधडी कुणी शिवत नसे. लोक जुनी लुगडी, धोतरं, लेकरांचे परकर गाठोड्यात बांधून आणून देत, आणि येसू त्यांचे थर रचून धावदोरा घालत जाई. कडेने सुरू करायचं आणि फेरे घेत घेत मधोमध यायचं. पण तिची एक तऱ्हा होती. ती एक गोधडी पुरी करून दुसरी हातात घेत नसे. आज हिचा एक फेरा, मग तिचा एक, मग तिसरीचा.

"अगं, एक धड पुरी कर की," शेजारणी हसत.

"एकीलाच घेऊन बसलं की बाकीच्या रुसतात," येसू म्हणे. मग हळूच सगूला सांगे, "खरं सांगू? मी गोधड्या शिवणारी नाहीच गं. मी गोधड्या मांडून ठेवणारी."

चौथी गोधडी तिची स्वतःची होती. तिच्यात येसूचं हिरवं लुगडं होतं आणि सगूच्या बाबांचा केशरी फेटा होता. सगू पाळण्यात होती तेव्हा बाबा वारले. येसू रोज तिन्ही गोधड्यांचा फेरा झाला, की ही चौथी उलगडायची, तिच्यावरून हात फिरवायची आणि पुढचा टाका न घालताच घडी करून ठेवायची.

"लोकांनी गाठोडी परत नेली, तर पुढच्या वर्षी कोण देईल आपल्याकडे शिवायला?" येसू आता म्हणाली. "कणगीत जोंधळा राहिलाय तो मूठभर."

सगू आईच्या बोटावर फुंकर घालून सरपण आणायला डोंगरावर गेली.

चैत्राच्या अखेरीला त्या डोंगरावर सावरीची झाडं फुटत. तपकिरी बोंडं तडकन उकलायची आणि आतून पांढराशुभ्र, रेशमासारखा कापूस वाऱ्यावर निघायचा. मुलं त्या तरंगणाऱ्या पिसाला म्हातारी म्हणत. त्या सकाळी उन्हात शेकडो म्हाताऱ्या चमचमत होत्या, सोनेरी, रुपेरी, काही गुलाबीसुद्धा. त्यातली एक म्हातारी खोडाच्या काट्यात अडकली होती आणि मुसमुसून रडत होती.

सगूने जवळ जाऊन पाहिलं. ती म्हातारी नव्हतीच. अंगठ्याएवढी इवलीशी परी होती ती. कापसाचा झगा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा मुकुट आणि चतुराच्या पंखांसारखे निळे-जांभळे पंख. त्यातला एक पंख काट्याने टरकन फाटला होता.

"हलू नकोस हं परीताई," सगू म्हणाली. "हललं की जास्त फाटतं. आई कापडाला असंच सांगते."

तिने अलगद परीला सोडवलं आणि तळहातावर घेतलं. ओढणीच्या टोकाला तिने एक सुई टोचून ठेवली होती आणि सुईत लाल रेशमाचा वीतभर धागा होता. तो तिने बाहुलीच्या लग्नासाठी वर्षभर जपला होता. सगूने धाग्याकडे एकदा पाहिलं, पंखाकडे एकदा पाहिलं, आणि शिवायला बसली. बारीक, बारीक, मुंगीच्या पावलांएवढे टाके.

परीने पंख हलवून पाहिला. लाल टाके माणकांसारखे लखलखले.

"बाहुली काय नेसेल आता?" परीने विचारलं.

"ती थांबेल. तिला घाई नाहीये लग्नाची."

परी खुदकन हसली. तिच्या हसण्यातून चांदणचुरा सांडला. "मग माग काय हवं ते."

"आमच्या चारही गोधड्या पुऱ्या होऊ देत."

"टाळी वाजवली की होतील," परी म्हणाली. "पण टाळीने झालेली गोधडी थंडगार असते गं बाळे. पांघरून बसलं तरी हुडहुडी भरते. त्यापेक्षा हे घे." तिने आपल्या झग्याचा एक धागा ओढला. तो ओढत गेला, ओढत गेला, आणि त्याचं चिमुकलं रुपेरी रीळ झालं. "हा दोरा एका दमात अख्खा फेरा घालतो. पण त्याचे तीन नेम आहेत. गोधडीतलं कापड ज्याच्या अंगावर होतं, त्याची एक खरी आठवण सांगितलीस तरच तो धावेल. खोटं सांगितलंस तर तुटेल, आणि खरं माहीत असेल त्यालाच तो जोडता येईल. दुसरा नेम, चौघींना बरोबरीने पुढे न्यायचं. एकीचा फेरा राहिला तर कुणाचाच पुढचा फेरा होणार नाही. आणि तिसरा, अक्षय तृतीयेला सूर्य मावळला की दोरा माझ्याकडे परत येईल."

सगू धावतच घरी आली. येसूने सगळं ऐकलं, रीळ उन्हात धरून पाहिलं. "मला दिलं असतं तर मी पहिल्यांदा हरवलंच असतं," ती म्हणाली.

पण आठवणी आणायच्या कुठून? सगू निघाली. आधी गेली जनाकाकूंकडे. त्यांच्या गोधडीत त्यांच्या आईचं निळं लुगडं होतं. "मी माहेरी यायची वाट बघत आमची आई उंबऱ्यातच बसलेली असायची," जनाकाकू म्हणाल्या, "आणि तिच्या पदराला कायम फुटाण्यांची गाठ." बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्याच पदराच्या टोकाशी गेला.

भिवाआजोबांच्या गोधडीत त्यांच्या ढवळ्या बैलाची झूल होती. "लई शहाणा," आजोबा म्हणाले, "पण वढा आला की थांबायचा. मी आधी पाय भिजवून दाखवला, की मगच पाण्यात उतरायचा. मालकाला थंडी वाजती का बघत असंल." आणि मास्तरीणबाईंनी लेकीच्या बाळासाठी दुपटं शिवायला दिलं होतं, लेकीच्याच लहानपणीच्या परकरांचं. "शाळेत जायचं नसलं, की परकर उलटा घालून बसायची. म्हणायची, आता कशी जाऊ?" सांगताना बाई इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले.

सगू घरी येऊन प्रत्येक आठवण कापडाला सांगायची आणि दोरा सुळ्ळकन धावायचा. निळ्यावर रुपेरी लाटा उठायच्या, झुलीवर चांदीच्या मुंग्यांची रांग चालायची, दुपट्यावर इवल्या इवल्या चांदण्या उमलायच्या. ती रोज नव्या आठवणी आणायची. लोकांनाही सवय लागली. सगू येताना दिसली की ते हातातलं काम बाजूला ठेवायचे.

चौथ्या गोधडीला मात्र सगू हिरव्या लुगड्याचीच आठवण सांगायची, कारण आईला ती ओळखत होती. आई घाबरली की अंगण झाडते, आई झोपेत टाके मोजते. असे सात फेरे झाले. तृतीयेच्या सकाळी चारही गोधड्यांच्या मधोमध एकेक शेवटचा फेरा उरला. चौथीच्या मधोमध होता नुसता केशरी फेटा.

येसू कोपऱ्यात पाठ करून भाकरी थापत होती. सगूने जरा वेळ वाट पाहिली. मग तीच म्हणाली, "माझे बाबा ताडासारखे उंच होते. ते वाघालासुद्धा भीत नव्हते."

दोरा टचकन तुटला.

सगूने गाठ मारून पाहिली, ती सुटली. तिने दुसऱ्या गोधड्या घेऊन पाहिल्या, पण सुई कापडात शिरेना. साध्या दोऱ्याने तिच्या लहान हातांना एकेका फेऱ्याला आठवडा लागला असता, आणि ऊन तर उंबऱ्यावरून अंगणात उतरलं होतं.

"आई, ते उंच नव्हते का?"

येसूचे हात परातीतच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती हलली नाही.

"सांग की गं. मला एकसुद्धा आठवण नाहीये. सगळ्यांकडून मागून आणल्या मी. तुझ्याकडेच मागायची राहिली."

येसूने हात धुतले. येऊन बसली. गोधडीतला फेटा मांडीवर ओढून घेतला. "सांगितलं की संपेल असं वाटायचं मला," ती म्हणाली. "म्हणून सांगितलंच नाही. म्हणून पुढचा टाकाही घातला नाही."

"जनाकाकूंचं नाही संपलं. त्यांना रोज नवीन आठवतं."

तेव्हा येसूने डाव्या हाताने तुटलेली दोन्ही टोकं उचलली.

"उंच कसले, माझ्या खांद्याला लागायचे," ती म्हणाली. "म्हणून तर एवढा मोठा फेटा बांधायचे."

टोकं एकमेकांकडे वळली.

"आणि वाघाचं ठाऊक नाही बाई, पण पालीला भ्यायचे. भिंतीवर पाल दिसली की बाजेवर चढून ओरडायचे, येसे, ही आली बघ. मी झाडू घेऊन धावायची. मग खाली उतरून म्हणायचे, मी तुझी परीक्षा घेत होतो."

सगू हसायला लागली. येसूही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. दोरा आपोआप जुळला आणि सुळ्ळकन धावला. केशरी फेट्यावर उन्हासारखा सोनेरी फेरा उमटला. मग तिन्ही गोधड्यांचे फेरे पाठोपाठ पुरे झाले.

आता शेवटचं काम उरलं. गोधडीचं मधोमध उरलेलं तोंड शिवण्याआधी येसू तिच्यात भाकरीचा वाळका तुकडा ठेवायची. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तीन गोधड्यांना तिने तीन वाळके तुकडे दिले. चौथीच्या वेळी ती उठली आणि तव्यावरच्या त्या करपलेल्या भाकरीची काळी कड मोडून घेऊन आली.

"हे काय, करपकं?" सगूने विचारलं.

"माझी भाकरी रोज करपायची. ते म्हणायचे, मला अशीच आवडते." येसूने तुकडा आत सारला. "खरंच आवडायची की काय, देव जाणे."

दोरा तुटला नाही. शेवटचा टाका बसला.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा परी खिडकीत आली. पंखावरचे लाल टाके झळकत होते. तिने येसूच्या सुजलेल्या बोटावर फुंकर घातली. बोटाची लाली उतरली, आणि त्या बोटाभोवती एक रुपेरी अंगुस्तान चमकू लागलं. "हे घालून शिवशील तेव्हा घरातली कणगी रिती होणार नाही," ती येसूला म्हणाली. "पण नेम तोच. आठवण विचारून घ्यायची." मग तिने सगूच्या बाहुलीला सावरीच्या कापसाचा झुळझुळता शालू नेसवला. रुपेरी दोरा गुंडाळत गुंडाळत ती मावळत्या उन्हात मिसळली. केशरी, गुलाबी, जांभळा उजेड घरभर पसरला, आणि मग तिथे सावरीचं एक पीस तेवढं तरंगत राहिलं.

अंगणात लोक आले. जनाकाकूंनी गोधडी गालाला लावली. भिवाआजोबा झुलीवर हात फिरवत उभे राहिले. मास्तरीणबाईंनी दुपट्याचा वास घेतला. मजुरीच्या जोंधळ्याने कणगी काठोकाठ भरली.

सगळे गेल्यावर येसूने चौथी गोधडी बाजेवर अंथरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला वाटलं, आता सगू परीबद्दल विचारेल, नाहीतर बाबा कुठे गेले ते विचारेल, आणि त्याला काय उत्तर द्यायचं, हे ती मनात जुळवायला लागली.

सगूने गोधडीचं एक टोक उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

"थांब आई," ती म्हणाली, "आधी नीट झटकून घेऊ. आत पाल असली तर बाबा घाबरतील."